मावशींचे आजारपण

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आमच्या तुकडीला आले, तेव्हा विषय कोणता घ्यावा यावर आमच्यात फारसा वाद झाला नाही. शाळेची स्थापना, इमारतीसाठी गोळा केलेला निधी, गुणवंत विद्यार्थी यांविषयी लिहिणारे आमच्याहून जाणते लोक आहेत आणि ते लिहितीलच. आम्ही सहाजण एकाच वर्षी येथून दहावी होऊन बाहेर पडलो. आम्हाला लिहायचे आहे ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सारी उमेद घालवलेल्या मावशींविषयी, आणि त्यातही त्यांच्या अखेरच्या आजाराविषयी. मावशींचे नाव येथे देत नाही. कुटुंबीयांची तशी इच्छा आहे, आणि ज्यांनी त्यांच्या हातचा भात खाल्ला त्यांना नाव सांगावे लागणार नाही.

स्मरणिकेच्या पानांवर आजार शोभतो का, अशी शंका आमच्यातील एकाने काढली होती. परंतु मावशींच्या जठराच्या कॅन्सरने जी वळणे घेतली, ती आम्हाला कोणालाही ठाऊक नव्हती. आमच्यापैकी एक परिचारिका आहे. तिनेही त्यांतील काही केवळ पुस्तकात वाचली होती. त्या वळणांपैकी काहींवर उपाय होता आणि तो झालाही. हे घरोघरी माहीत असावे, एवढ्यासाठी हा लेख.

निवृत्तीनंतर मावशी जित्याला, मुलाकडे राहात. पनवेलहून रोह्याकडे जाताना आपट्याच्या पुढे आणि हमरापूरच्या अलीकडे जिते हे लहानसे स्थानक लागते. तेथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. शेजारच्या हमरापूर, कळवे, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत, आणि सूनबाई मोसमात तेथे रंगकामाला जात. घरात भाताची दोन-अडीच खंडी येई. मावशींना पेन्शन अशी नव्हती, टपाल खात्यातील थोडी ठेव होती. आम्ही वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, सहाही जण त्यांच्याकडे जेवायला जात असू. जेवण त्याच करीत. दोनशे मुलांचा अंदाज हाताला बसलेला असल्यामुळे सहाजणांसाठी त्या नेहमी पंधरा जणांचे शिजवीत.

एका वर्षी त्या आमच्या पंगतीला बसल्या आणि अर्ध्या भाकरीवर उठल्या. “भरलं गं पोट,” एवढेच म्हणाल्या. पुढच्या भेटीत ती पाव भाकरी झाली होती. दुखत काही नव्हते. नंतर परळच्या रुग्णालयात एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून याचा उलगडा केला. जठर ही ताणणारी पिशवी आहे. घास आत येतो तशी ती सैल होते. जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार असा आहे की त्यात गाठ वर येत नाही, जखमही ठळक दिसत नाही. कॅन्सरच्या पेशी भिंतीच्या आतल्या थरांतून पसरत जातात आणि सारी पिशवी चामड्याच्या बुधल्यासारखी ताठ होते. मग चार घासांत ती भरते. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात, कारण आत साठलेला चिकट द्राव पेशीचे केंद्रक एका कडेला ढकलतो. मावशींचा प्रकार हाच होता.

आपल्याकडे पोटाच्या प्रत्येक तक्रारीला पित्त म्हणण्याची रीत आहे, आणि शंभरातील बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. त्यामुळे पित्ताची गोळी मिळते, गोळीने चार दिवस बरे वाटते, आणि दिवस जातात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची भूक नव्यानेच मंदावली, वजन उतरू लागले, रक्त कमी निघाले, शौच डांबरासारखी काळी होऊ लागली किंवा उलटीत कालचे अन्न दिसले, तर गोळ्या बदलीत बसू नये. दुर्बिणीने जठर तपासून घ्यावे. ही तपासणी काही मिनिटांची असते.

मावशींचा आजार मात्र ओळखू आला तो पोटातून नव्हे, बेंबीतून. त्यांच्या बेंबीत सुपारीएवढी टणक गाठ आली. तिचा रंग तपकिरी-जांभळा होता आणि अधूनमधून ती ओलसर होई. वाडीतील म्हाताऱ्या बायांनी बेंबी सरकली असे निदान केले. कोकणात हे निदान नवे नाही. पोटावर पणती ठेवून तिच्यावर तांब्या उपडा घालण्याचा उपायही नवा नाही. तो दोनदा झाला. एका दवाखान्यात हर्निया सांगितला गेला आणि सवडीने शस्त्रक्रिया करू असे ठरले. आमच्यातील परिचारिका त्या सुमारास रविवारी सहज भेटायला गेली होती. तिने मावशींना आडवे केले, खोकायला लावले, गाठीवर बोट ठेवले. हर्निया आडवे झाल्यावर बहुधा आत जातो, खोकल्यावर फुगतो. ही गाठ हलतही नव्हती. तिने त्याच रात्री आम्हा सर्वांना फोन केला.

बेंबीतील या गाठीला वैद्यकात एका परिचारिकेचे नाव आहे, हे आम्हाला तिच्याकडून कळले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये सिस्टर मेरी जोसेफ या जोगीण विल्यम मेयो या प्रसिद्ध शल्यविशारदांच्या पहिल्या साहाय्यक म्हणून १८९० पासून पंचवीस वर्षे उभ्या राहिल्या. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे पोट स्वच्छ करण्याचे काम त्यांचे. ते करताना त्यांच्या ध्यानात आले की ज्यांच्या बेंबीत अशी टणक गाठ हाताला लागते, त्यांच्या पोटात कॅन्सर आधीच पसरलेला निघतो. मेयो यांनी १९२८ मध्ये याविषयी लिहिले, आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली या इंग्रज शल्यविशारदांनी त्या खुणेला सिस्टर मेरी जोसेफ यांचे नाव दिले. तोवर त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. जठर, आतडे, स्वादुपिंड किंवा बायकांत बीजाशय, यांपैकी कोठलाही कॅन्सर बेंबीपर्यंत पोचू शकतो. डॉक्टरांच्या नावांनी भरलेल्या त्या शास्त्रात पोट पुसणाऱ्या बाईचे नाव राहिले, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले. आमच्या परिचारिका मैत्रिणीला ते तितकेसे वाटले नाही. ती म्हणाली, अंग पुसणाऱ्याला दिसते ते दाराशी उभ्या असलेल्याला दिसत नाही, यात नवल काय?

परळला नेण्याची तयारी चालू असतानाच मावशींचा डावा पाय सुजला. पोटरी गरम, दुखरी. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. त्यावर औषध सुरू झाले तोवर उजव्या दंडात, जेथे सुई टोचलेली नव्हती तेथे, दोरीसारखी कडक शीर हाताला लागू लागली. एक गुठळी उतरते न उतरते तोच दुसरीकडे नवी. हाही त्याच आजाराचा हात होता. काही कॅन्सर रक्तात असे द्रव्य सोडतात की रक्त वाहत्या शिरेत गोठू लागते. जठर आणि स्वादुपिंड यांचे कॅन्सर त्यात पुढे. पॅरिसचे आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानात हा संबंध मांडला होता: कारण नसताना गुठळ्या फिरत्या राहिल्या तर आत दडलेला कॅन्सर शोधा. दीड-दोन वर्षांनी त्यांच्याच अंगावर अशी शीर धरली गेली. त्यांनी आपल्या शिष्याला सांगितले की आपला निकाल लागला, आणि १८६७ च्या जूनमध्ये ते पोटाच्या कॅन्सरने वारले. स्वतःचे निदान स्वतःच्या सिद्धांताने करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

टाटा स्मारक रुग्णालयाविषयी येथे जास्त लिहीत नाही. १९४१ पासून त्या दारातून गेलेले कुटुंब आपल्या समाजात जवळपास प्रत्येक वस्तीत आहे. जित्याहून पनवेल, पनवेलहून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून परळ, असा तो प्रवास. सुजलेल्या पायाने तो रोज होण्यासारखा नव्हता, म्हणून आमच्यातील दोघी मावशींबरोबर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या. केशरी शिधापत्रिकेमुळे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळाला. दुर्बिणीची तपासणी झाली, बेंबीतील गाठीचा तुकडा तपासला गेला, आणि आठ दिवसांत चित्र स्पष्ट झाले. आजार चौथ्या टप्प्यात होता. जठर काढण्यात अर्थ नव्हता. ताकद पाहता केमोथेरपीचाही आग्रह डॉक्टरांनी धरला नाही. आजार बरा होणार नाही, मात्र त्रास कमी करीत राहता येईल, असे त्यांनी मुलाला बाजूला घेऊन, न घाईने, सांगितले.

त्रास कमी करणे हे ऐकायला सोपे वाटते. गुठळ्यांसाठी रोज पोटाच्या कातडीत हेपॅरिन जातीचे, रक्त गोठू न देणारे इंजेक्शन घ्यावे लागे. ते सूनबाई शिकल्या. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात तो. सुई टोचताना कधी थरथरला नाही. पण जठरात जखम होती. इंजेक्शनने गुठळ्या थांबल्या आणि तिसऱ्या आठवड्यात शौच काळी झाली. रक्त पायात गोठत होते आणि पोटात वाहत होते. एकच रक्त, एकाच वेळी. इंजेक्शन थांबवावे तर पायातील गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचे भय, चालू ठेवावे तर आतून रक्त जाण्याचे. मुलगा त्या रात्री आम्हाला म्हणाला, “तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा.” आमच्यातील दोन शिक्षक, एक वकील, एक तलाठी कार्यालयातील कारकून आणि एक दुकानदार, कोणालाही उत्तर नव्हते. उत्तर डॉक्टरांनी दिले. इंजेक्शन काही दिवस बंद ठेवून जठरावर किरणांचा एक छोटा डोस देण्यात आला. वाहत्या जखमेवर किरणांनी रक्त थांबते, हे आम्हाला नवे होते. किरण म्हणजे गाठ जाळणे एवढेच आम्ही समजत होतो. आठवडाभरात काळी शौच थांबली. मग कमी मात्रेत इंजेक्शन पुन्हा सुरू झाले.

मावशी जित्याला परतल्या आणि लोक भेटायला येऊ लागले. प्रत्येकाजवळ कारण होते. कोणी सुक्या मासळीवर बोट ठेवले, कोणी चुलीच्या धुरावर, कोणी रात्रीच्या उशिरा जेवणावर. मिठात मुरवलेले व खारवलेले पदार्थ फार खाण्याने जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरे आहे. पण मोठे कारण आणखी लहान आहे. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियातील दोन डॉक्टरांनी शोधला. जठराच्या दाहामागे तोच आहे हे कोणी मानीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचे द्रावण स्वतः प्यायले आणि स्वतःला आजारी पाडले. २००५ चे नोबेल दोघांना मिळाले. १९९४ मध्येच या जिवाणूची गणना कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींत झाली होती. तो बहुधा बालपणी, दाटीवाटीच्या घरात, एकमेकांकडून येतो. आपल्या देशात निम्म्याहून अधिक लोकांत तो असतो, आणि ज्यांच्यात असतो त्यांतील शंभरात दोघा-तिघांनाच जठराचा कॅन्सर होतो. म्हणजे मावशींनी काय खाल्ले याचा हिशेब मांडणाऱ्यांच्या पोटातही तो असण्याचाच संभव अधिक. एवढे ऐकल्यावर मासळीची चर्चा ओसरली. तसे पाहिले तर मावशींनी सुकटीची चटणी आम्हालाच जास्त खिलवली होती.

यानंतरचा प्रसंग या लेखाचे मुख्य कारण आहे.

जठराचे खालचे तोंड हळूहळू बंद होत आले. सकाळी घेतलेली पेज संध्याकाळी जशीच्या तशी उलटून पडे. हे जवळजवळ तीन आठवडे चालले. एका लहान रुग्णालयात भरती करून सलाईन लावण्यात आले, ग्लुकोजच्या बाटल्या चढल्या. दोन दिवसांनी मावशी विचित्र बोलू लागल्या. सूनबाईंना त्या वसतिगृहातील मुलीच्या नावाने हाक मारू लागल्या. “आधण उकळलं, तांदूळ वैर की गं, पोरं शाळेतनं येतील,” असे म्हणून खाटेवरून उठू लागल्या. उठवले तर पाय फाकवून, गलबतावर उभे राहावे तशा झोकांड्या जात. एकाच्या जागी दोन माणसे दिसतात म्हणत. डोळे एका जागी ठरत नव्हते आणि बाजूला वळत नव्हते. कॅन्सर मेंदूत गेला, असे सर्वांनी धरले. धरण्यासारखेच होते ते. मुलाने नातेवाइकांना कळवायला सुरुवात केली. काहींनी आता बाटल्याही काढा, घरी नेऊ या, असे सुचवले.

आमची परिचारिका मैत्रीण रात्रपाळी करून तेथे पोचली. तिने मावशींच्या डोळ्यांसमोर बोट फिरवले. तीन आठवड्यांची उलटी, डळमळती चाल, न वळणारे डोळे, भ्रमिष्ट बोलणे, ही चारही टोके तिने तेथील तरुण डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे, इंजेक्शन मोठ्या मात्रेत शिरेतून सुरू केले. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. साखर जाळण्यासाठी ते लागते, आणि मेंदू तर साखरेवरच चालतो. साठा रिता असताना ग्लुकोज चढवले की उरलेसुरले थायमिनही त्या कामी खर्ची पडते आणि मेंदूचे काही भाग उपाशी पडतात. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. बहुतेकांनी ती दारूच्या व्यसनाशी जोडलेली ऐकली असते. मावशींनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता. अन्न पोटात ठरत नसलेल्या कोणालाही ती होऊ शकते, मग कारण कॅन्सर असो, गरोदरपणीची अनावर उलटी असो की जठरावरची शस्त्रक्रिया असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचे डोळे दोन्ही बाजूंना वळू लागले. चौथ्या दिवशी त्यांनी सूनबाईंना नावाने हाक मारली आणि आपण कोठे आहोत ते विचारले. चाल पूर्वीसारखी झाली नाही. धरूनच चालावे लागे. पण शुद्ध पूर्ण परतली. ज्या औषधाने हे घडले ते औषधांच्या दुकानातील अगदी स्वस्त औषधांपैकी एक आहे.

आम्हाला यात एक गोष्ट फार लागून राहिली. हेच थायमिन भाताच्या कोंड्यात असते. गिरणीत पांढरा शुभ्र केलेला तांदूळ ते गमावून बसतो, आणि भात वेळून पेज टाकून दिली की राहिलेलेही जाते. जाव्हा बेटावर क्रिस्टियान आइकमान या डच डॉक्टरांना पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या दिसल्या, कोंड्यासकट तांदळावर त्या सावरल्या, आणि त्या धाग्यातून पुढे जीवनसत्त्वांची कल्पना उभी राहिली. त्यांना १९२९ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. मावशींना यातील काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण वसतिगृहात त्यांनी पेज कधी मोरीत ओतली नाही. आजारी मुलांना, परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्यांना, आणि उरली तर वरणात, अशी ती सारी वाटून टाकीत. तांदूळ फार घासून धुणाऱ्या नव्या मदतनीस बाईला त्या ओरडत, “त्याचा जीव पाण्यात चालला!” आम्ही ते काटकसरीचे बोलणे समजत असू.

त्या काविळीच्या साथीची आठवण अनेकांना असेल. तेव्हा आजारी मुलांची खोली झाडण्यापासून उलटी पुसण्यापर्यंत सारे मावशींनी केले होते. आजारी भिक्खूची गोष्ट आम्हाला विहारात दर वर्षावासात सांगितली जाई: पोटाच्या व्याधीने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः न्हाऊ घातले, ती. आम्ही ती पाठ म्हणत असू. मावशी तेव्हा स्वयंपाकघरात असत, गोष्ट ऐकायला येत नसत.

शुद्ध परतल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. मावशींना त्यांचा आजार काय हे कोणी सांगितलेच नव्हते. “पोटात अल्सर आहे” एवढेच मुलाने सांगितले होते, आणि खरे सांगितले तर आई खचेल असे त्याचे म्हणणे होते. त्याचे म्हणणे आम्ही चुकीचे ठरवीत नाही. आपल्या घरांत हे प्रेमानेच होते. आमच्यात मात्र यावर दुमत होते. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या मित्राचे म्हणणे, ज्याचा देह त्याचा निर्णय. दुकानदार मित्राचे म्हणणे, मुलाच्या वर जाण्याचा आपल्याला अधिकार नाही. हा तिढा मावशींनीच सोडवला. जठराच्या बंद तोंडात दुर्बिणीतून धातूची जाळीदार नळी बसवायची ठरले, म्हणजे पातळ अन्न खाली उतरेल. संमतीच्या कागदावर अंगठा घेताना त्यांनी मुलाला विचारले, “अल्सरला टाटाला नेतात का रे बाबा?” मुलगा काही बोलू शकला नाही. मावशी म्हणाल्या, “परळच्या दारावर काय लिहिलंय ते मला वाचता येतं. तुमच्या शाळेनेच शिकवलंय.” हे अक्षरशः खरे होते. वसतिगृहात रात्री अभ्यासिकेत बसून त्या आमच्याच पाटीवर अक्षरे शिकल्या होत्या; तरी सही मात्र करीत नसत, अंगठाच देत.

नळीने सहा आठवडे दिले. पेज, मऊ भात, नाचणीची आंबील, निवळ सार, एवढे खाली उतरू लागले. त्या सहा आठवड्यांत मावशींनी जे करायचे ते एकेक करून केले. टपालाच्या ठेवीचे पुस्तक धान्याच्या कणगीमागे होते, ते काढायला लावले आणि नावे लावून घेतली. धाकट्या बहिणीशी शेताच्या बांधावरून अनेक वर्षे बोलणे नव्हते. तिला निरोप गेला, ती आली, दोन दिवस राहिली. बांधाचा विषय निघालाच, आणि त्यावर पुन्हा थोडे वाजलेही. पोटात पाणी भरू लागले, ते दोनदा सुईने काढले गेले. तिसऱ्यांदा त्या नको म्हणाल्या. नळी पुन्हा बंद झाली तर पुन्हा रुग्णालयात न्यायचे नाही, नाकात नळी घालायची नाही, इंजेक्शने थांबवायची, हे त्यांनी मुलाला, सूनबाईंना आणि आमच्या परिचारिका मैत्रिणीला समोर बसवून सांगितले. शुद्ध परतली नसती तर हे सारे दुसऱ्या कोणी ठरवले असते, आणि कोणी ठरवले यावरून घर फुटले असते. आपल्या वस्तीत तसे फुटलेले घर आहे.

वेदनेविषयी एक सांगणे भाग आहे. मॉर्फिनच्या गोळ्या कॅन्सरच्या दुखण्यावर फार उपयोगी पडतात, पण १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर त्या मिळणे इतके किचकट झाले की बहुतेक रुग्णालयांनी त्या ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, परवाना सोपा झाला, तरी तालुक्याच्या गावी त्या सहज मिळत नाहीत. आमच्यातील एकजण दर पंधरवड्याला मुंबईला जाऊन त्या आणीत असे. त्या घेतल्याने माणूस लवकर जातो किंवा व्यसनी होतो, हा समज वाडीतही होता. डॉक्टरांनी सांगितल्या मात्रेत घेतल्यास तसे होत नाही. गोळीने मावशींना झोप येई, बद्धकोष्ठ होई, त्यासाठी वेगळे औषध द्यावे लागे. पण कूस वळवताना ओठ आवळणे थांबले. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून अशाच रुग्णांसाठी आहे, देशातील तसे ते पहिले. तेथे विचारणा करू का, असे आम्ही मावशींना विचारले होते. त्यांनी जित्यातच राहायचे सांगितले. सकाळची गाडी गेल्याचा आवाज येथे ऐकू येतो, म्हणाल्या, त्यावर वेळ कळते.

भाद्रपद जवळ आला, कारखान्यांत रात्रंदिवस काम चालू झाले. सूनबाईंनी त्या वर्षी कामाला जाणे सोडले. कारखान्याच्या मालकीणबाईंनी लहान मूर्ती रंगवायला घरीच पाठवून दिल्या. मावशींच्या खाटेशेजारी बसून त्या रंगवीत. रंगाचा वास सोसतो का, असे आम्ही विचारले, तर मावशी म्हणाल्या, फोडणीच्या धुरापेक्षा बरा. एका पहाटे, गाडी जाण्याच्या आधी, त्या गेल्या. सूनबाई जाग्या होत्या.

तेराव्या दिवसाचे काही केले नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि वाडीला जेवण झाले. भात वेळून जी पेज निघाली ती बहिणीने मोठ्या पातेल्यात काढून ठेवली होती. शेजारच्या घरच्या फ्रीजमध्ये हेपॅरिनच्या सहा सुया आणि थायमिनच्या काही कुप्या शिल्लक होत्या. त्या आमच्या मैत्रिणीने रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नेऊन दिल्या. मॉर्फिनच्या अकरा गोळ्या उरल्या होत्या. त्या मुलासमोर मोजून, चिठ्ठीवर आकडा लिहून, परत केल्या.